गुलाबी लोणार आणि अंकीय छायाचित्राचे संपादन : एक समीक्षा

जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या पाण्याने आपला नेहमीचा हिरवट रंग टाकून गुलाबी रंग धारण केला. टाळेबंदीचे दिवस होते. प्रवासावर निर्बंध असल्याने सरोवराच्या काठावर उभे राहून हा पालट पाहणारे थोडे होते. छायाचित्रे मात्र अल्पावधीतच देशभर आणि देशाबाहेरही पोहोचली. प्रस्तुत लेखकाच्या भ्रमणध्वनीवर त्या पंधरवड्यात आलेली अशी काही छायाचित्रे त्याने एका फोल्डरमध्ये जपून ठेवली आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली असता प्रथम जाणवते ती त्यांच्यातील विसंगती. एकात पाणी फिकट, धुतल्या विटेसारखे आहे, दुसऱ्यात गाजरी, तिसऱ्यात डाळिंबी, आणि एकात तर साडीच्या दुकानात ज्याला राणी रंग म्हणतात तसे भडक. सरोवर एक, पंधरवडा एक, रंग मात्र चार.

यांतील खरे कोणते, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. त्याचे उत्तरही ठरून गेलेले होते. भडक ते ‘फोटोशॉप केलेले’ आणि फिकट ते खरे. आमच्या प्राध्यापक कक्षातही चर्चा याच वळणाने गेली. प्रस्तुत लेखात या उत्तराची चिकित्सा करावयाची आहे. छायाचित्रावर संपादनाचा संस्कार झाला आहे काय, हा प्रश्न अंकीय छायाचित्राच्या बाबतीत जवळजवळ निरर्थक होय. कारण त्याचे उत्तर नेहमीच होकारार्थी येते. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. संस्कारित छायाचित्रापासून मूळ टिपणापर्यंत माघारी जाण्याची वाट शिल्लक ठेवली आहे काय? ही वाट रंग बदलणाऱ्या साधनांत सापडत नाही. ज्या कामाला आपण कारकुनी समजून टाळतो त्या नोंदीच्या आणि मांडणीच्या कामात ती असते. संपादनावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, मांडणीवर जवळजवळ नाही. आणि लोणारच्या छायाचित्रांचे खरे नुकसान या दुसऱ्या ठिकाणी झालेले आहे.

छायाचित्र ‘काढणे’

मराठीत आपण फोटो ‘काढतो’. हेच क्रियापद चित्रालाही लागते आणि विहिरीच्या पाण्यालाही. चित्र काढणे यात निर्मिती आहे. पाणी काढणे यात जे आधीपासून आहे ते वर आणणे आहे. छायाचित्र या दोहोंच्या मधोमध उभे असते, आणि अंकीय तंत्राने तर ते पहिल्या अर्थाकडे बरेच झुकविले आहे.

अंकीय कॅमेऱ्यातील संवेदक स्वतः रंगांध असतो. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावे १९७६ मध्ये ज्या रचनेचे पेटंट झाले, तीत संवेदकाच्या ठिपक्यांवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी बसविलेली असते. निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. आजही बहुतेक कॅमेरे याच तत्त्वावर चालतात. प्रत्येक ठिपका एकाच रंगाची मात्रा मोजतो. उरलेल्या दोन रंगांचे आकडे शेजारच्या ठिपक्यांवरून गणिताने भरून काढले जातात. म्हणजे आपण पाहतो त्या रंगीत छायाचित्रातील दोनतृतीयांश रंगमूल्ये मोजलेली नसून अनुमानित असतात. त्यानंतर पांढऱ्याचा समतोल, ज्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात, तो लावला जातो. उजेड-सावलीची वक्ररेषा ठरते. कडा धारदार केल्या जातात. आणि शेवटी जेपीईजी स्वरूपात आवळताना काही तपशील कायमचा टाकून दिला जातो. भ्रमणध्वनीच्या आजच्या कॅमेऱ्यात तर एका स्पर्शासरशी अनेक प्रतिमा टिपून त्यांची एक केली जाते. हे सर्व वापरकर्त्याने संपादनाचे एकही बटन दाबण्यापूर्वी घडते. ‘मी काहीच केले नाही, जसे निघाले तसे पाठविले’ असे सांगणारा मनुष्य खोटे बोलत नाही. त्याच्या वतीने कंपनीच्या अभियंत्यांनी सारे काही आधीच केलेले असते, एवढेच.

अर्थात हात फिरविणे ही अंकीय युगाची देणगी नव्हे. तालुक्याच्या ठिकाणच्या जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग होई, कृष्णधवल छायाचित्रात कुंचल्याने गालांवर लाली आणि साडीवर रंग भरला जाई. पुढे लग्नाचे ‘करिश्मा अल्बम’ आले आणि वधूवर एका रात्रीत बर्फाच्छादित शिखरांपुढे उभे राहिले. यात कोणाची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. अल्बम पाहणाऱ्या आत्याबाईंना नवरा-नवरी स्वित्झर्लंडला गेले नव्हते हे ठाऊक असते. साहित्यप्रकार ओळखून वाचन करावे असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. छायाचित्रालाही प्रकार असतात. संकट उद्‌भवते ते एका प्रकारचे संकेत दुसऱ्यात शिरतात तेव्हा. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठाला उभ्या चौकटीत बसविण्यासाठी गीझाचे पिरॅमिड संगणकाच्या साह्याने परस्परांजवळ सरकविले, तेव्हा वाद झाला तो याच कारणाने. तेथे वाचकाने साक्ष मागितली होती, सजावट नव्हे. फोटोशॉप त्यानंतर आठ वर्षांनी, १९९० मध्ये बाजारात आले, हेही येथे ध्यानात घ्यावे. दोष साधनाच्या नावावर ढकलण्याची सवय किती उथळ आहे हे त्यावरून कळते.

लोणारच्या रंगाचे वाचन

आता प्रत्यक्ष छायाचित्रांकडे वळू. फिकट ते खरे, या समजुतीला पहिला छेद कॅमेराच देतो. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स ज्या गृहीतकावर पुष्कळदा चालतो ते असे : चौकटीतील सर्व रंगांची सरासरी साधारण करडी यावी. चौकटीचा मोठा भाग गुलाबी पाण्याने व्यापला की यंत्र त्या गुलाबीला प्रकाशाचा दोष समजते आणि छायाचित्र हिरव्याकडे ओढते. परिणामी काठावर उभ्या माणसाला दिसले त्यापेक्षा पाणी फिकट उमटण्याचा संभव असतो. शिवाय लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि सुमारे १५० मीटर खोल. बहुतेक छायाचित्रे वरच्या कडेवरून घेतलेली आहेत. जूनमधील दुपारचे धुरकट वातावरण मध्ये आले की रंग आणखी मंद होतो. अशा वेळी घरी येऊन लाइटरूमसारख्या प्रणालीत सॅच्युरेशनची पट्टी थोडी पुढे सरकविणारा, किंवा धुरकटपणा काढणारे ‘डिहेझ’ वापरणारा छायाचित्रकार आपल्या स्मरणातील रंगाकडे परत जात असेल. संपादित छायाचित्र असंपादितापेक्षा अनुभवाच्या अधिक जवळ असू शकते, ही गोष्ट आपल्या नैतिक घाईत निसटून जाते.

परंतु शकते म्हणजे असतेच असे नव्हे. भडक छायाचित्राची परीक्षा पाण्यावरून न करता पाण्याभोवतीच्या वस्तूंवरून करावी. चौकटीत बेसाल्टचा कोरडा खडक असेल, एखाद्या माणसाचा चेहरा असेल, उन्हाळ्याने वाळलेले गवत असेल, तर त्यांचे रंग आपल्या परिचयाचे आहेत. काळा खडक जांभळट आणि चेहरा तांबूस झाला असेल तर संपूर्ण चित्राचा रंग सरसकट चढविलेला आहे. खडक, चेहरा आणि आकाश जागच्या जागी, आणि पाणी तेवढे पेटलेले, असे असेल तर केवळ पाणी निवडून त्यावर काम झाले असण्याची शंका रास्त ठरते. प्रत्यक्षात पाणी तसेच होते ही शक्यता मात्र तेवढ्याने संपत नाही. काठावरच्या क्षाराच्या पांढऱ्या थराचा उपयोग मात्र जपून करावा. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांनी तो थरही रंगविलेला असू शकतो. माझ्या फोल्डरमधील राणी रंगाच्या चित्रात काठावरचे एक बाभळीचे झुडूप निळसर झालेले आहे. तेथे सरोवरावर नव्हे, तर समग्र दृश्यावर पट्टी ओढली गेली, इतके खात्रीने म्हणता येते.

मग पाण्याचा ‘खरा’ रंग कोणता? येथे विज्ञानाने दिलेले उत्तर साहित्याच्या अभ्यासकालाही विचार करावयास लावणारे आहे. वन विभागाने पाण्याचे नमुने नागपूरची ‘नीरी’ आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे तपासणीसाठी पाठविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही हा विषय आला. पाण्याची पातळी घटून क्षारता वाढल्यामुळे हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ झाली आणि त्यांच्या रंगद्रव्यांनी पाणी गुलाबी दिसले, असा निष्कर्ष जुलै २०२० मध्ये समोर आला. या संदर्भात आणखी एक निरीक्षण नोंदविले गेले : आणलेले पाणी काही काळ स्थिर ठेवले असता जैवभार तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. म्हणजे बाटलीतील तेच पाणी रंगहीन. वरच्या कडेवरून तिरकस पाहावे तर पाण्यावर आकाशाचे प्रतिबिंब मिसळते, काठाशी जाऊन खाली पाहावे तर रंग निराळा, आणि बाटलीत तो नाहीसा. यांतील कोणता रंग खोटा म्हणावा? ज्या चार छायाचित्रांवरून आम्ही वाद घातला ती चारही कदाचित वेगवेगळ्या जागांवरून, वेगवेगळ्या तासांना घेतलेली असतील. ‘कदाचित’ म्हणावे लागते, कारण जागा आणि तास यांपैकी एकाचीही नोंद त्यांच्याबरोबर आलेली नाही.

तुलनेसाठी अमेरिकेच्या नासा संस्थेने प्रसिद्ध केलेल्या लँडसॅट-८ उपग्रहाच्या दोन प्रतिमा घ्याव्यात. एक २५ मे २०२० ची, दुसरी १० जून २०२० ची. पहिलीत पाणी हिरवट, दुसरीत गुलाबी. या प्रतिमा असंपादित आहेत असे कोणीही मानू नये. उपग्रह लाल, हिरवा, निळा असे पट्टे स्वतंत्रपणे मोजतो. ते संगणकावर एकत्र आणून, उजेडाची व्याप्ती ताणून डोळ्यांना रुचेल असे चित्र तयार करतात. त्यांत बारकावाही फारसा नाही. या पट्ट्यांतील एक ठिपका जमिनीवरील तीस मीटरचा, म्हणजे विवराचा संपूर्ण व्यास जेमतेम साठ ठिपक्यांत मावतो. आमच्या हातातील भ्रमणध्वनीचे चित्र यापेक्षा कितीतरी तपशीलवार. तरीही विश्वास बसतो तो साठ ठिपक्यांवर. तोच उपग्रह सोळा दिवसांनी त्याच जागेवरून जातो, आणि दोन प्रतिमांतील अंतर नेमके सोळा दिवसांचे आहे. कोणते पट्टे वापरले हे सांगितलेले आहे. मूळ आकडे २००८ पासून सर्वांना विनामूल्य खुले आहेत. ज्याला शंका असेल त्याने ते उतरवून घेऊन रंग पुन्हा घडवावा.

मांडणीचा प्रश्न

छायाचित्राबरोबर नोंद ठेवण्याची परंपरा या जिल्ह्याला नवीन नाही. पुरातत्त्व खात्यातील हेन्री कझेन्स यांची मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्यांच्या १९३१ च्या ग्रंथात लोणारचे दैत्यसूदन मंदिर आहे. चित्रे कृष्णधवल, रंगाचा प्रश्नच नाही. परंतु प्रत्येक चित्राला गाव आहे, वास्तू आहे, क्रमांक आहे. आज कोणी दैत्यसूदन मंदिराच्या शिल्पांची झीज अभ्यासू लागला तर त्याला तेथून आरंभ करता येतो. २०२० मध्ये आमच्यापाशी असंख्य चित्रे होती आणि त्यांतील फारच थोड्यांना हे तीन तपशील लाभले.

तांत्रिकदृष्ट्या ही दैन्यावस्था असण्याचे कारण नाही. १९९५ पासून प्रचारात असलेल्या एक्झिफ या संकेतानुसार कॅमेरा प्रत्येक चित्राच्या पोटात दिनांक, वेळ, छिद्रमान, व्हाइट बॅलन्सची निवड आणि सोय असल्यास अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो. परंतु व्हॉट्सॲपवरून छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठविले की ते आवळले जाते आणि ही माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठविले तरच मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. मिळालेल्या चित्राच्या नावात जो दिनांक दिसतो तो पाठवणीचा असतो, टिपल्याचा नव्हे. गुलाबी लोणारची कित्येक चित्रे या चाळणीतून गेली. दहा जणांच्या हातून पुढे गेलेल्या चित्राचा कर्ता, तारीख आणि स्थळ शोधणे म्हणजे मौखिक परंपरेतील ओवीची मूळ संहिता शोधण्यासारखे आहे.

संग्रह सांभाळणाऱ्या प्रणालींकडे समीक्षकाने पाहावे ते यासाठी. आपल्या महाविद्यालयांत सर्वाधिक रुळलेली प्रणाली म्हणजे पिकासा. गूगलने २००४ मध्ये ती आपल्याकडे घेतली, विनामूल्य दिली आणि २०१६ मध्ये बंद केली. पिकासाचा गुण मोठा होता : चित्रावर कितीही बदल केले तरी मूळ फाइलला ती हात लावीत नसे, बदलांच्या सूचना एका लहानशा फाइलमध्ये वेगळ्या लिहून ठेवी, आणि ‘सेव्ह’ म्हटल्यावर मूळ प्रत एका लपविलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवी. दोष त्याच गुणात दडलेला होता. हा लपविलेला फोल्डर असतो हे बहुतेकांना ठाऊक नसे. संगणक ‘साफ’ करणाऱ्याने तो निरुपयोगी म्हणून काढून टाकला की संस्कारित प्रत तेवढी उरे. फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लाइटरूमचेही तत्त्व हेच. मूळ अस्पर्शित, बदल कॅटलॉगमध्ये. कॅटलॉगची फाइल हरवली आणि बदल बाहेर लिहून ठेवले नसतील, तर वर्गवारी आणि संपादन दोन्ही जाते. मूळ मजकूर आणि त्यावरील टीका वेगळ्या ठेवण्याची ही रीत पोथ्यांच्या संपादकाला सहज समजेल. समासातील टीप मजकुरात मिसळली की पाठ भ्रष्ट होतो, हे आपण पाठचिकित्सेत शिकवितो; संगणकासमोर बसलो की मात्र विसरतो.

मराठीपुरती एक अडचण आणखी आहे आणि तिची चर्चा इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही. पिकासामध्ये चित्राखाली मथळा लिहिण्याची सोय होती आणि तो मथळा चित्राच्या फाइलमध्येच साठविला जाई. परंतु त्या काळी आमचे मराठी टंकलेखन श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फाँटांत चाले. तेथील मजकूर मथळ्याच्या चौकटीत आणला की रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका उमटे. म्हणून लोकांनी रोमन लिपीत लिहिले, प्रत्येकाने आपापल्या वर्णलेखनाने. खुद्द जिल्ह्याच्या नावाची स्थिती पाहावी. मराठीत बुलडाणा आणि बुलढाणा, रोमनमध्ये ‘एच’सह आणि ‘एच’विना. एक रूप शोधले की दुसऱ्याखालील चित्रे सापडत नाहीत. आज युनिकोड सर्वत्र आहे, डिजिकॅमसारख्या विनामूल्य प्रणालींत देवनागरीत मथळे आणि कळशब्द देता येतात. तरीही देणारे थोडे. एका अभ्यासक्रमाचे नाव बदलले की वर्षभर बैठका घेणारे आपण, छायाचित्रांच्या कळशब्दांचा एक पानाचा कोश अद्याप तयार करू शकलो नाही.

नॅकच्या मूल्यांकनासाठी भौगोलिक स्थानांकित छायाचित्रे मागितली जाऊ लागल्यापासून आपल्या व्यवसायबंधूंना अक्षांश-रेखांशांचे महत्त्व पटले, ही समाधानाची बाब आहे. परंतु ती मागणी ज्या रीतीने पुरविली जाते ती पाहता आनंद फार काळ टिकत नाही. चित्राच्या कोपऱ्यात नकाशा आणि आकडे छापणारे ॲप वापरले की काम संपले असे मानले जाते. छापलेले आकडे हा चित्राचा भाग झाला. सॅच्युरेशन बदलते तसेच तेही बदलता येतात, आणि शोधता मात्र येत नाहीत. पोटातील नोंदही बदलता येते हे खरे. परंतु मूळ फाइल, तिची नोंद आणि उपक्रमाची हजेरीवही एकत्र असतील तर लबाडी करणाऱ्याला तिन्ही ठिकाणी करावी लागते. संपादनाचा इतिहास चित्राबरोबरच सहीनिशी बांधण्याची ‘कंटेंट क्रेडेन्शियल्स’ ही व्यवस्था आता आली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायकाचा एक कॅमेरा ती घेऊनच बाजारात उतरला. त्या कॅमेऱ्याची किंमत पाहता आमच्या विभागाने तूर्त हजेरीवहीवर विसंबलेले बरे.

याच संदर्भात स्वतःच्या विभागाची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. अनेक वर्षांपूर्वी आमची एक अभ्याससहल लोणारला गेली होती. विभागाच्या छोट्या अंकीय कॅमेऱ्याची बॅटरी मधल्या काळात पूर्ण उतरल्याने त्याचे घड्याळ मूळ तारखेवर गेले, आणि सहलीचे प्रत्येक चित्र १ जानेवारीच्या मध्यरात्रीचे ठरले. भर उन्हातले सरोवर, मध्यरात्रीच्या तारखेने. त्यातच कोणीतरी हौसेने सर्व चित्रांना एका झटक्यात ‘ऑटो कलर’ दिला आणि मूळ प्रती पुसल्या. त्या हौशी व्यक्तीचे नाव सांगण्यास संकोच वाटतो, कारण ती व्यक्ती प्रस्तुत लेखकच होय.

२०२० मध्ये सरोवर गुलाबी झाल्यावर या चित्रांची आठवण झाली. पूर्वी पाणी किती वर होते, काठावरचा क्षाराचा पट्टा किती रुंद होता, हे त्यांत दिसते. रंगावर विश्वास ठेवता येत नसला तरी पाण्याची कड कोणत्या दगडापर्यंत होती हे ‘ऑटो कलर’ने बदललेले नाही. तारीख मात्र हवी होती. सहलीची परवानगी नोंदवही शोधली तेव्हा तीत दोन लागोपाठच्या वर्षांच्या लोणार सहली आढळल्या. एक ऑक्टोबरातील, दुसरी फेब्रुवारीतील. पावसाळ्यानंतरचे पाणी आणि उन्हाळ्यापूर्वीचे पाणी यांत जो फरक असतो नेमका तोच आम्हांला तपासावयाचा होता. एका विद्यार्थिनीच्या अंगावरील स्वेटरवरून फेब्रुवारी असावा असा तर्क आहे. दुसऱ्या चित्रात कडेवरची झाडी दाट हिरवी आहे आणि ती ऑक्टोबरकडे बोट दाखविते, पण त्या हिरव्यावर ‘ऑटो कलर’चा हात फिरलेला आहे. डिजिकॅममध्ये त्या फोल्डरला कळशब्द देताना ‘लोणार’, ‘सरोवर’, ‘पाण्याची कड’ असे लिहिले आणि तारखेच्या रकान्यापुढे ‘अनिश्चित’ असा शेरा दिला. नोंदवहीत नावे असलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे मुद्रित प्रती मागितल्या आहेत. स्टुडिओत धुऊन घेतलेल्या प्रतींच्या पाठीमागे पुष्कळदा तारखेचा शिक्का असतो.